कोकण रेल्वेने पहिल्यांदा निघताय? आधी उतरायचं स्टेशन ठरवा

नागपूरकडची एक तरुण शिक्षिका देवगड तालुक्यातल्या शाळेवर रुजू व्हायला निघाली होती. ओळखीतून माझा नंबर मिळाला म्हणून तिने फोन केला. "काका, तिकीट काढायला बसलेय. स्टेशनच्या रकान्यात देवगड लिहिलं तर काहीच येत नाही. माझं काय चुकतंय?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. देवगडला रेल्वे नाहीच. मालवणला नाही, वेंगुर्ल्याला नाही, गुहागर, दापोली, गणपतीपुळे, हरिहरेश्वर, कुठेच नाही. कोकण म्हटल्यावर जी गावं पटकन आठवतात त्यातल्या बहुतेकांपर्यंत रूळ जात नाहीत, आणि नवख्या माणसाची पहिली अडचण इथेच होते. तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे. आम्ही चाकरमानी माणसं ही लाईन सुरू झाल्यापासून तिच्यावरून येजा करतो. आम्हाला सवयीने कळतं ते नव्याने येणाऱ्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

गाव आणि स्टेशन यांची जोडी

कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते आणि मंगळुरूजवळच्या ठोकूरला संपते. लांबी ७४१ किलोमीटर. मुंबईपासून रोह्यापर्यंतचा भाग मध्य रेल्वेचा, त्यापुढचा कोकण रेल्वे महामंडळाचा. महामंडळ १९९० साली स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीत जोर लावला म्हणून हे काम मार्गी लागलं, ही गोष्ट आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. आमच्याकडचा रोहा ते वीर हा पहिला तुकडा १९९३ साली सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. महामंडळ वेगळं असलं तरी तिकिटासाठी तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. देशभर जे आरक्षण चालतं तेच इथेही.

लक्षात ठेवायचं ते एवढंच की ही लाईन समुद्राच्या काठाने जात नाही, सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूने जाते. समुद्राकाठून रूळ टाकायचे तर प्रत्येक खाडी तिच्या रुंद तोंडाशी ओलांडावी लागली असती. म्हणून खिडकीतून समुद्र दिसेल या आशेवर बसू नका. दिसतात ते डोंगर, नद्या, भातखाचरं आणि बोगदे. समुद्राकाठचं गाव स्टेशनपासून साधारण तास-दीड तास दूर असतं, आणि तो प्रवास एसटीने किंवा रिक्षाने करायचा असतो.

तेव्हा पहिली पायरी ही: जिथे पोचायचं ते गाव कागदावर लिहा आणि त्याच्यासमोर त्याचं स्टेशन लिहा. उत्तरेकडून सुरुवात करू. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर यांना माणगाव. महाडला वीर. दापोली, हर्णै, आंजर्ल्याला खेड. गुहागर, वेळणेश्वर, हेदवीला चिपळूण. देवरुख आणि मार्लेश्वरला संगमेश्वर रोड. गणपतीपुळे आणि पावसला रत्नागिरी. देवगड आणि कुणकेश्वरला कणकवली किंवा नांदगाव रोड. मालवणला कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ यातलं कुठलंही चालतं, पण नवख्याने कुडाळ किंवा कणकवली धरावं, कारण जास्त गाड्या तिथे थांबतात. वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडी. आंबोली, शिरोडा, रेडीला सावंतवाडी.

नावापुढचा 'रोड' नीट वाचा. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. 'रोड' म्हणजे त्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावरचं स्टेशन, प्रत्यक्ष गाव वेगळं. राजापूर रोडला उतरून राजापूर शहर गाठायला पंधरा-सोळा किलोमीटर जावं लागतं. सावंतवाडीचं स्टेशन शहराबाहेर मळगावात आहे. 'रोड' न लिहिलेली काही स्टेशनंही गावाला लागून नाहीत. रत्नागिरीचं स्टेशन कुवारबावला आहे, तिथून एसटी स्टँडला जायला रिक्षा लागते. कणकवलीचं मात्र गावातच आहे. म्हणूनच देवगडच्या त्या मुलीला मी नांदगाव न सांगता कणकवली सांगितलं. नांदगाव देवगडला जवळ पडतं, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या थोड्या, आणि ओळखपाळख नसताना मोठं सामान घेऊन लहान स्टेशनावर उतरण्यात अर्थ नाही.

कोणती गाडी

स्टेशन ठरलं की मग गाडी. हा क्रम उलटा केलात तर फसाल. लोक आधी गाडी ठरवतात आणि मग कळतं की ती आपल्या स्टेशनावर थांबतच नाही. वंदे भारत २०२३ च्या जूनपासून मुंबई–मडगाव धावते. गाडी सुरेख आहे, वेळही वाचतो. पण पनवेल सोडलं की ती महाराष्ट्रात फक्त खेड, रत्नागिरी आणि कणकवलीला थांबते. चिपळूणला किंवा कुडाळला जाणाऱ्याच्या ती कामाची नाही. तेजस आणि जनशताब्दीचेही थांबे मोजकेच. या तिन्ही गाड्या बसून जायच्या आहेत आणि मुंबईहून पहाटे निघतात. जनशताब्दीला मोठ्या काचांचा विस्टाडोम डबा असतो, तिकीट महाग पडतं. डोंगर आणि धबधबे बघण्यासाठीच निघाला असाल तर एकदा पैसे खर्च करायला हरकत नाही.

घरी जायचं असेल तर आमच्या दोन गाड्या: दिवसाची मांडवी आणि रात्रीची कोकणकन्या. दोन्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटतात आणि मडगावला जातात. मांडवी सकाळी सातच्या सुमारास निघते. तिच्या पॅन्ट्रीतलं खाणं प्रसिद्ध आहे, दिवसभर काहीतरी गरम येत राहतं. पहिल्यांदा येणाऱ्याने शक्य असेल तर मांडवीनेच यावं असं माझं मत आहे. उजेडात स्टेशनं ओळखीची होतात, आणि दक्षिण रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात उतरणारा दिवस मावळायच्या आत पोचतो. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास निघते. तिने जाताना रजा वाचते, पण खेड-चिपळूणला उतरायचं असेल तर पहाटेच्या अंधारात उतरावं लागतं. त्या वेळी एसटी नसते आणि रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं. कणकवली-कुडाळला तीच गाडी सकाळी उजाडल्यावर येते, म्हणून सिंधुदुर्गवाल्यांना ती सोयीची.

तिसरी तुतारी. दादरहून मध्यरात्री सुटते आणि सावंतवाडीला संपते. आधी तिला राज्यराणी म्हणत, २०१७ साली केशवसुतांच्या 'तुतारी' या कवितेवरून तिला हे नाव दिलं. ती बरीच लहान स्टेशनंही घेत जाते. ज्यांचं गाव मधल्या एखाद्या थांब्यावर आहे त्यांनी आधी तुतारी थांबते का ते बघावं.

आणि पॅसेंजर. दिवा–सावंतवाडी सकाळी लवकर, दिवा–रत्नागिरी दुपारी. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत यायची, करोनानंतर ती दिव्यापर्यंतच राहिली आहे. तिकीट स्वस्त, आरक्षण लागत नाही, सापे वामने, विन्हेरे, आरवली अशी लहान स्टेशनंही या गाड्या सोडत नाहीत. मे महिन्यात याच गाडीत करवंदं, जांभळं, फणसाचे गरे घेऊन बायका चढतात. पळसाच्या नाहीतर कुड्याच्या पानाच्या द्रोणात करवंदं, वर मिठाची चिमूट, आणि पुढच्या स्टेशनला टोपली रिकामी करून त्या उतरूनही जातात. वेळ हाताशी असेल तर एकदा पॅसेंजरने जाच. पण लहान मूल आणि चार पिशव्या बरोबर घेऊन रुजू व्हायला निघाला असाल तर तो दिवस पॅसेंजरचा नाही.

वसई-बोरिवलीकडच्यांनी आणखी एक नोंद करून ठेवावी. वांद्रे टर्मिनस ते मडगाव ही आठवड्यातून दोनदा जाणारी गाडी २०२४ पासून वसईमार्गे धावते. तिच्यामुळे सामान घेऊन दादरचा पूल चढायची वेळ येत नाही. पुण्याहून थेट गाड्या थोड्या, त्याही आठवड्यातल्या मोजक्या दिवशी. पुणेकरांनी एसटीने पनवेल गाठून तिथून गाडी धरावी. कोल्हापूरहून सिंधुदुर्गात यायचं असेल तर रेल्वेचा विचार सोडा, गगनबावड्याचा घाट उतरून एसटीने या.

तारखेची चूक

यावर थोडं जास्त लिहितो, कारण ही चूक मी आमच्याच घरात बघितली आहे.

तुतारी दादरहून सुटते ती रात्री बारा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास. म्हणजे शनिवारी ऑफिस करून, जेवून, रात्री दादरला जाऊन जी गाडी धरायची तिची तारीख रविवारची असते. तुम्ही तिकिटावर शनिवारची तारीख घातली असेल तर तुमची गाडी शुक्रवारी रात्रीच निघून गेली. कोकणकन्येचं आणखी अवघड आहे. मुंबईहून ती रात्री अकराला सुटते, ठाण्याला बाराच्या आत येते, पण पनवेलला बारा वाजून गेल्यावर पोचते. तीच गाडी, तोच डबा, पण ठाण्याहून चढणाऱ्याच्या तिकिटावर एक तारीख आणि पनवेलहून चढणाऱ्याच्या तिकिटावर दुसरी.

आमच्या घरातलं म्हणतो ते असं. माझ्या चुलतभावाने आई-वडिलांचं पनवेलहून तिकीट काढून दिलं. काका-काकू बरोबर म्हणजे त्यांच्या हिशेबाने बरोबर रात्री पनवेलला गेले. डब्यात चढले तर त्यांच्या जागेवर दुसरंच कुटुंब झोपलेलं. टीसीने तिकीट हातात घेतलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "बाबा, ही कालची." काकूंच्या हातात डब्यात भरलेले लाडू, पायाशी कुळथाच्या बियाण्याची पिशवी. त्यांना रोह्याला उतरून उरलेली रात्र बाकावर काढावी लागली. भाऊ अजून त्या रात्रीबद्दल बोलला की गप्प होतो.

म्हणून तिकीट काढताना तारखेबरोबर वारही मोठ्याने वाचा, आणि गाडी आपल्या स्टेशनावर किती वाजता येते ते बघा. वेळ ००:०५ किंवा ००:३० अशी दिसली की समजायचं, आदल्या रात्री घरातून निघायचं आहे. घरातल्या मोठ्या माणसांना तिकीट पाठवताना नुसता फोटो पाठवू नका. "शनिवारी रात्री साडेदहाला घरातून निघा" असं शब्दांत लिहून पाठवा.

तिकीट

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठ वाजता. पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ झालं. हे दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात, प्रवासाचा दिवस धरत नाहीत. पनवेलहून कोकणकन्या धरणाऱ्याने इथेही तो एका दिवसाचा फरक लक्षात ठेवावा. ऑनलाइन तिकिटासाठी खातं आधी उघडून आधारशी जोडून ठेवा. तत्काळचं ऑनलाइन तिकीट २०२५ च्या जुलैपासून आधारजोडणीशिवाय मिळत नाही. तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला. पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत येत नाहीत, तेव्हा घाईने काढू नका.

वेटिंगबद्दलचा नियम नवख्यांनी नीट समजून घ्यावा. ऑनलाइन तिकीट चार्ट, म्हणजे जागा मिळालेल्यांची शेवटची यादी, लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात येतात. त्यावर स्लीपरमध्ये चढता येत नाही. खिडकीवर काढलेलं वेटिंग तिकीट हातात राहतं, पण त्यावरही आरक्षित डब्यात बसू देत नाहीत, जनरलमध्ये जावं लागतं. आरएसी मिळालं तर प्रवास नक्की, बसायला जागा मिळते, झोपायला मिळेल की नाही ते नंतर कळतं. चार्ट गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी लागतो, सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या रात्रीच. त्यामुळे स्टेशनावर जाऊन बघू असं न करता निघण्यापूर्वी तिकिटावरचा पीएनआर नंबर टाकून जागा पक्की झाली का ते तपासा.

आता आमच्या लाईनवरचं एक शहाणपण. गाडीतल्या बहुतेक जागा सुरुवातीच्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत जाणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. मधल्या स्टेशनांच्या वाट्याला त्या मानाने थोड्या येतात. म्हणून मुंबई ते कुडाळ वेटिंग दाखवत असेल तर मुंबई ते मडगाव बघा. भाडं थोडं जास्त पडतं, पण जागा मिळण्याची शक्यता वाढते, आणि कुडाळला उतरायला कुणी अडवत नाही. चढतानाही तसंच: पनवेलहून जागा नसेल तर मुंबईहून तिकीट काढा आणि चढायचं स्टेशन पनवेल असं बदलून घ्या. हा बदल केल्याशिवाय नुसतंच पनवेलला जाऊन उभे राहिलात तर तुमची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. परतीला सावंतवाडी-कुडाळच्या माणसाने तुतारीकडे आधी बघावं, कारण ती तिथूनच सुटते. केरळहून किंवा मंगळुरूहून येणाऱ्या नेत्रावती, मत्स्यगंधा या गाड्यांत मधल्या स्टेशनांचा कोटा अगदी तुटपुंजा. वेटिंग पाच दिसलं तरी त्या पाचावर भरवसा ठेवू नका.

लांबून येणाऱ्यांनी, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातून ठाण्याला उतरून पुढे कोकणची गाडी धरणाऱ्यांनी, दोन तिकिटांचे पीएनआर एकमेकांना जोडून घ्यावेत. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली तर परताव्याचा हक्क राहतो. तरीही दोन गाड्यांमध्ये चार-पाच तास ठेवा. त्या शिक्षिकेला मी सकाळी ठाण्याला उतरून दिवस नातेवाइकांकडे काढायला आणि रात्रीची कोकणकन्या धरायला सांगितलं. ठाण्याहून, म्हणजे तारीख बदलायच्या आत.

गणपती

चतुर्थीचा प्रवास हा वेगळाच विषय आहे. अख्खी मुंबई त्या चार दिवसांत आमच्याकडे येते. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवारी १२ तारखेला निघायचं तर आरक्षण १४ जुलैला सकाळी आठला उघडणार. आठ वाजून पाच मिनिटांनी लॉगइन करून काही मिळत नाही. पावणेआठला बसा, प्रवाशांची नावं, वयं आधीच भरून ठेवा, आणि कोणती दुसरी गाडी, कोणती दुसरी तारीख चालेल ते घरात आदल्या रात्रीच ठरवा. मोबाइलवर पाच जण पाच ठिकाणी चर्चा करत बसले तर जागा जातात.

नियमित गाड्या भरल्या म्हणून हिरमुसू नका. मध्य आणि पश्चिम रेल्वे दरवर्षी गणपती विशेष गाड्या सोडतात, त्यांचे नंबर शून्याने सुरू होतात. त्यांची घोषणा नियमित आरक्षणानंतर टप्प्याटप्प्याने होते, तेव्हा वर्तमानपत्रावर लक्ष ठेवा. विशेष गाडी उशिरा धावण्याची तयारी ठेवून निघा, कारण अशा दिवसांत मार्गावर गाड्यांची रीघ असते आणि वीरच्या पुढे लाईन बहुतेक एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी तुमची गाडी कुठल्यातरी स्टेशनात थांबून राहते. त्याला आम्ही क्रॉसिंग लागलं म्हणतो. रोहा ते वीर दुपदरी झालं ते २०२१ साली.

परतीचं आरक्षण जाण्याइतकंच महत्त्वाचं आहे, खरं तर अधिक. जाताना लोक दोन-तीन दिवसांत विभागून जातात, पण गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की सगळे एकाच रात्री निघतात. परतीच्या तारखेचे साठ दिवस वेगळे मोजा आणि त्या सकाळीही तसेच बसा. नाहीच जमलं तर मुंबईच्या आगारांतून गावापर्यंत जाणाऱ्या एसटीच्या जादा गाड्या असतात, वाडीतल्या लोकांनी मिळून पूर्ण गाडीही ठरवता येते.

जनरल डब्याने जायचा विचार असेल तर एक विनंती. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत ठाणे-पनवेलहून जनरलमध्ये लहान मुलांना घेऊन चढायचा प्रयत्न करू नका. डबा मुंबईलाच भरलेला असतो, दरवाजे आतून उघडत नाहीत, आणि धावत्या गाडीला लोंबकळण्यापेक्षा एक दिवस उशिरा पोचलेलं बरं. बाप्पा दीड दिवसाचा असला तरी घरात कुणीतरी पूजा करणारं असतं.

पावसाळा

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत या मार्गावर पावसाळी वेळापत्रक चालतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. या काळात गाड्या हळू धावतात, सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळा बदलतात, काही गाड्यांचे दिवस कमी होतात. वंदे भारत एरवी आठवड्यातून सहा दिवस असते, पावसाळ्यात तीन. नेटवरची जुनी वेळ बघून स्टेशनावर जाल तर गाडी गेलेली असेल.

हळू चालवण्यामागचं कारण समजून घेतलं तर उशिराचा राग येत नाही. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधाला अपघात झाला. आज डोंगरउतारांवर जाळ्या बसवलेल्या दिसतात, आणि भर पावसात रेनकोट घालून, हातात कंदील-टॉर्च घेऊन रुळाच्या कडेने चालणारा गस्तीचा माणूस दिसतो. रात्री दोन वाजता खिडकीतून मी त्याला बघितलं आहे. गाडी हळू झाली, तो बोगद्याच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभा राहिला, कंदील हलवला, आणि गाडी गेल्यावर पुन्हा चालू लागला. तो चालतो म्हणून आपण झोपतो.

२०२४ च्या जुलैत दिवाणखवटीजवळ माती रुळावर आली आणि दिवसभर वाहतूक बंद पडली होती. असं होऊ शकतं हे धरूनच निघा. पावसाळ्यात ज्या दिवशी पोचाल त्याच दिवशी रुजू व्हायचं, परीक्षेला बसायचं किंवा विमान पकडायचं, असं करू नका. एक दिवस हातात ठेवा. पिशवीत पाण्याची बाटली, चपाती-भाजी, औषधं आणि चार्ज केलेला मोबाइल असू द्या. बोगद्यांत रेंज जाते. या मार्गावर ९१ बोगदे आहेत आणि उक्षी ते भोके यांच्यामधला करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटरचा. पण पावसात जाल तर उक्षीच्या आधी जागे राहा. स्टेशनाला लागूनच रानपाटचा धबधबा पडतो, दारात उभं न राहता खिडकीतूनही दिसतो. आणि रत्नागिरीहून गाडी पुढे निघाली की पानवल नदीचा पूल येतो, ६४ मीटर उंच. खाली बघितलं की माडांचे शेंडे हिरव्या ठिपक्यांसारखे दिसतात.

निघायच्या दिवशी आणि उतरताना

गाडी कुठे आहे ते रेल्वेच्या ॲपवर बघा किंवा १३९ ला फोन करा. ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही. स्लीपरमध्ये माणशी चाळीस किलोपर्यंत सामान नेता येतं, आंब्याच्या पेट्या त्यातच धरा. पेटी सीटखाली आडवी ढकलू नका, खालचे आंबे दबतात. सपाट ठेवा आणि वर काही रचू नका.

जनरल तिकीट मोबाइलवरही निघतं. कोकणकन्या सुपरफास्ट आहे, म्हणून तिच्या जनरल तिकिटाला अधिभार लागतो. पॅसेंजरचं तिकीट काढून तिच्यात बसलात तर दंड होतो.

उतरायच्या अर्धा तास आधी सामान दाराकडे आणा. बहुतेक थांबे दोन मिनिटांचे, पॅसेंजरचा एखाद्या मिनिटाचा. मागचे डबे लहान स्टेशनात फलाटाच्या बाहेर राहू शकतात. काही फलाट इतके खाली आहेत की म्हाताऱ्या माणसाला धरून उतरवावं लागतं. शेजारी बसलेल्या गाववाल्याला निघतानाच सांगून ठेवा: "मला कणकवलीला उतरायचंय, पहिल्यांदा येतोय." आमच्याकडे एवढं सांगितलं की तो माणूस तुमचं स्टेशन येईपर्यंत स्वतः झोपत नाही. जोडीला मोबाइलचा गजर लावा, आणि गजर ठरलेल्या वेळेचा न लावता गाडी किती उशिरा आहे ते बघून लावा.

पहाटे उतरलात आणि बाहेर अंधार असेल तर घाई करू नका, बायकामाणसांनी तर नकोच. प्रतीक्षालयात बसा, चहाचा स्टॉल उघडेल, पहिली एसटी किती वाजता ते स्टॉलवाल्याला विचारा. त्याला वेळ तोंडपाठ असते. रिक्षा करायचीच तर भाडं बसण्याआधी ठरवा आणि दोघं-तिघं मिळून जा. सहासीटर भरल्याशिवाय सुटत नाही, पण पैसे कमी घेते.

एसटीत बसल्यावर कंडक्टरला नुसतं गावाचं नाव सांगू नका, वाडी आणि जवळची खूण सांगा. शाळा, तिठा, देऊळ, जे असेल ते. एका गावाला चार थांबे असतात आणि चुकीच्या थांब्यावर उतरलात तर उन्हात दोन किलोमीटर चढ चालावा लागतो. आणि उतरताना त्यालाच विचारून घ्या की स्टेशनकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता असते. ती वेळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, पहिल्या सुट्टीला घरी निघताना तीच आधी लागेल.